आत्मा हाऊसच्या रॅम्पवर स्टूल ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नाव लिहीत नाही कारण तुम्हीच नको म्हणालात, पण परीक्षा तोंडावर असताना आमच्या बडोद्याच्या वयस्कर मंडळींसाठी अख्खा दिवस देणारी अहमदाबादची आर्किटेक्चरची विद्यार्थिनी दुसरी कोण असणार.

बाबा आणि त्यांचे ऑफिसातले जुने दोस्त, सगळे ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे स्लॅब-बीम काढले आणि जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएची १९५४ची मिल ओनर्सची, म्हणजे कापड गिरणीवाल्यांच्या संघटनेची इमारत, हेच तुमचं अहमदाबादचं आत्मा हाऊस, इतक्या जवळ असून बघायची राहून गेली. एका टूरवाल्याला विचारलं तर म्हणे तिथे काकालोकांना काय दाखवणार, नुसतं काँक्रीट आहे, मॉलला नेतो. दुसऱ्याने ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणंच बंद केलं. माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणालात, बाबांना द्या जरा. आणि त्यांनाच विचारलंत, काका चढ किती जमतो, मध्ये बसावं लागेल का? तोवर सगळे मलाच विचारायचे, "सीनियर किती आहेत?"

आणि मग त्या लांबलचक रॅम्पच्या मध्यावर तुम्ही रूमवरून आणलेलं फोल्डिंगचं स्टूल. बाबा बसले आणि समोर पश्चिमेच्या त्या तिरप्या काँक्रीटच्या फळ्या, दुपारचं ऊन अडवायला मुद्दाम वळवलेल्या, पहिल्यांदा निवांत बघता आल्या, नाहीतर सगळं लक्ष पायांकडेच गेलं असतं. तुम्ही घाई केली नाहीत, माहितीचा भडिमार नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिलात. मग बाबाच बोलायला लागले, शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचे ठसे दाखवून म्हणाले हे प्लास्टर न करता सोडायला हिंमत लागते, आणि तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत!! बाबांचं कामातलं बोलणं कोणी लिहून घेतलंय, रिटायर झाल्यापासून मी तरी पाहिलं नव्हतं.

वर साबरमतीच्या बाजूचे काँक्रीटचे सरळ पडदे, ते वळणावळणाचं सभागृह, सगळं बघितलं, पण घरी आल्यावर गोष्ट रॅम्पचीच चालू आहे. अशी माणुसकी पैसे देऊन मिळत नाही हो, आम्ही देऊन बघितलेत.

आता मंडळींना गांधी आश्रमातलं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेलं संग्रहालय बघायचंय. परीक्षा झाली की कळवा, आणि आश्रमाला जायच्या आधी बडोद्याला जेवायला या, आई पुरणपोळ्या करणार आहे.