दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र : हॅम रेडिओची परीक्षा आमच्या वसाहतीत घ्या

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

माझे वय 75. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, कानाला हेडसेट लावून माझी नोकरी झाली. आता तळेगाव दाभाडेजवळ ज्येष्ठांच्या वसाहतीत राहते. इथल्या आम्हा सहाजणांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून स्वतःच्या सेटवरून दूरच्या माणसांशी बिनतारी बोलण्याचा, परवाना हवा आहे. आपल्या खात्याने त्याची परीक्षा इथे येऊन घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हा छंद इथे आणला सुभेदारसाहेबांनी. सैन्याच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन विभागातून, निवृत्त झालेले, वय 81, जुने परवानाधारक हॅम (हा छंद करणाऱ्याला हॅमच म्हणतात). गेल्या दिवाळीनंतर त्यांनी पाण्याच्या टाकीपासून सिल्व्हर ओकच्या झाडापर्यंत अँटेना म्हणून तांब्याची तार ताणली. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ती साधारण 20 मीटर लागते. व्यवस्थापनाला विजेची धास्ती होती. अर्थिंग करून दाखवल्यावर आणि वळवाच्या दिवसांत तार काढून ठेवू असे लिहून दिल्यावर परवानगी मिळाली. आता सकाळी साडेसातला त्यांच्या खोलीत खुर्च्या कमी पडतात. कोल्हापूर, हुबळी, हैदराबाद असे आवाज येतात. ऊन चढले की आयनांबराचा, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या उंचावरच्या हवेचा, खालचा थर लहरी शोषू लागतो आणि लांबची माणसे एकेक करून विरतात. दिवस मावळल्यावर ती परत येतात, कधी पार समुद्रापलीकडचीही.

आमच्यात एक तारमास्तर आहेत. पत्नी गेल्यापासून ते जेवणघरातही कोणाशी बोलत नसत. एकदा रेडिओची कळ फिरवताना मध्येच मोर्स, म्हणजे तारेची ती कड-कट्ट लिपी, लागले. सुभेदारसाहेब पुढे सरकणार, तेवढ्यात तारमास्तरांनी खिशातून पेन काढले आणि वर्तमानपत्राच्या कडेला अक्षरे उतरवायला लागले. 14 जुलै 2013 च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा ते निवृत्तच होते. पण कान शाबूत राहिला होता. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. त्यातल्या वरच्या, जनरल श्रेणीसाठी मिनिटाला 8 शब्दांचे मोर्स यावे लागते. त्यांना त्याच्या दुप्पट वेगाने येते. आता ते रोज सकाळी खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

मात्र आम्ही फक्त ऐकतो. बोलायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा. खालच्या, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स नाही. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम यांचाच अभ्यास. तो आम्ही केला आहे. वहीत आकृत्या काढल्या, ओहमचा नियम पुन्हा घोकला. पण पहिल्या वेळी केंद्र लांबच्या शहरात आले आणि तारीख जेमतेम आठवडाभर आधी कळली. सकाळी हजर राहायचे तर आदल्या रात्री मुक्काम आला. सहांपैकी एकीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, एकांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा. कोणीच जाऊ शकले नाही. नियमात परीक्षेला किमान वय 12 आहे, वरची मर्यादा कुठेच नाही. मग आमच्या वयाच्या माणसाला केंद्रापर्यंत पोचता येईल, हेही कोणीतरी पाहायला हवे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मी विसरलेले नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन नुकतेच आटोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि थोड्याच वेळात आमच्या बोर्डावर लातूर, उमरगा, किल्लारी मागणाऱ्यांची रीघ लागली. मला लाइन मिळत नव्हती. पलीकडे रडणाऱ्या माणसाला "थांबा, प्रयत्न करते" याहून दुसरे काही सांगता येत नव्हते. हॅम मंडळींनी आपले सेट आणि बॅटऱ्या घेऊन भूकंपग्रस्त भागातून निरोप पोचवले, हे मला नंतर कळले. पुढे 2001 साली भूजला आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानातही ते असेच उभे राहिले. त्या पहाटेपासून मला हे शिकायचे होते. सवड आता मिळाली आहे.

घाई दुसऱ्या एका कारणाने आहे. आमच्या खोलीतला एकमेव परवाना सुभेदारसाहेबांच्या नावावर आहे. दिवंगत झालेल्या हॅमला हॅम मंडळींच्या भाषेत 'सायलेंट की', म्हणजे मुकी झालेली मोर्सची कळ, म्हणतात. हा शब्द आम्हाला सुभेदारसाहेबांनीच शिकवला आणि म्हणाले, "मी जायच्या आत तुमच्यातले दोघे तरी तयार व्हा." आधी आम्ही पास होऊ. मग वसाहतीच्या क्लबच्या नावानेही परवाना मागू. तो अर्ज रेंगाळू नये, एवढी विनंती आत्ताच करून ठेवते.

परीक्षेची तारीख महिनाभर आधी कळावी आणि प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत असावी. आसपासच्या अशाच वसाहतींतले इच्छुक आम्ही गोळा करू. सभागृह आहे, दहा टेबले आहेत, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, लिफ्ट चालू आहे. पर्यवेक्षक तेवढे आपण पाठवावेत. पावसाळा सोडून कोणताही दिवस चालेल. फक्त मंगळवार आणि शुक्रवार नको, ते डायलिसिसचे दिवस आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर
तळेगाव दाभाडे