पंप खिशात ठेव

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल निघताना बाबांशी धड बोलली नाहीस. त्यांचा विरोध उत्खननाला नाही, धुळीला आहे. माझाही. श्वासाचा पंप बॅगेत नको, खिशात ठेव.

तू ठेवून गेलेला इनामगावचा लेख रात्री वाचून काढला. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत खणलं आणि हाती काय आलं, तर चुली, कोठारं, जळके दाणे. मला ते सोन्याहून मोलाचं वाटलं. इ.स.पू. 1000 च्या सुमारास तिथली मोठी चौकोनी घरं गेली नि लहान गोल झोपड्या आल्या. अभ्यासक त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवेशी जोडतात. ज्यांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही, त्यांचे वाईट दिवस खांबांच्या खळग्यांवरून वाचता येतात! आम्ही शाळेत फक्त राजे पाठ केले.

मी अडकले ती मडक्यांपाशी. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. का, ते सांगाडा सांगत नाही. पुरावा थांबतो तिथे आपणही थांबायचं, असं तू म्हणतेस. मला मात्र लेकराला उंबऱ्याबाहेर न सोडणारी आई दिसली.

आणि तिथल्या सांगाड्यांचे ते दात. कायमचे दात हिरडीत घडत असताना मोठं आजारपण किंवा उपासमार झाली, तर इनॅमलवर आडवी खाच राहते, ती भरून येत नाही. तुझ्या समोरच्या दातावर आहे तशी. दुसऱ्या वर्षीचा न्यूमोनिया. आजी तुला खांद्यावर घेऊन रात्रभर फेऱ्या घालायची, आणि मी तुझा श्वास मोजत बसायचे.

म्हणून सांगते, कोरड्या मातीवर ब्रश फिरवताना मास्क काढू नकोस. चाळताना वारा पाठीशी असू दे. नोंद झाल्याशिवाय काही उचलू नकोस... आता हे तुला मी शिकवायचं का? राग मानू नकोस. पहिल्याच मोसमात सरांनी चराची वही तुझ्याकडे दिली, हे मावशीला फोन करून सांगितलं. धुळीचं तिला बोलले नाही.

माती पाण्यात कालवली की जळका दाणा वर तरंगतो, एवढंच लेखात आहे. तो जवाचा की गवताचा हे कशावरून ओळखतात, ते सविस्तर लिही. पण त्याआधी, पहिल्याच ओळीत, श्वास कसा आहे ते.

तुझी,
आई