दत्तक संस्थेतल्या ताईंना, एका आजीकडून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमची शेवटची गृहभेट झाली. दर सहा महिन्यांनी एक, अशी नियमाप्रमाणे दोन वर्षं पूर्ण झाली. मुलाने आणि सुनेने तुमचे आभार मानले, मी मात्र चहापाण्यातच राहिले. तोंडावर कौतुक करायची आमच्या पिढीला सवय नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कारण दत्तक घेण्यासाठी 'कारा'मध्ये, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत, नाव नोंदवतात ते आई-बाबा. आजी-आजोबांना कुणी काही सांगत नाही.

नात घरी आली तेव्हा दीड वर्षाची होती. गल्लीभर कौतुक, की पोर कुणाकडेही जाते, रडत म्हणून नाही! भाजीवाल्याने हात पुढे केले तरी त्याच्या कडेवर. एकदा ओट्याच्या पायरीवरून पडली, ओठ फुटला, तोंडातून आवाज नाही. तशीच उठून बसली. वर मान करून कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, केवढी शहाणी.

तुम्ही आलात तेव्हा तिला हाका मारल्या नाहीत की चॉकलेट दाखवलं नाही. सतरंजीवर बसून नुसत्या बघत राहिलात. ती सरळ तुमच्या मांडीत येऊन बसली, तर आम्हाला केवढा आनंद! तुम्ही मात्र तिला अलगद उचलून सुनेकडे दिलंत आणि म्हणालात, "सात-आठ महिन्यांचं मूल माणूस ओळखायला लागतं, परक्याकडे जाताना रडतं. हिला अजून परकं कुणी नाही, कारण आपलंही कुणी नाही."

ते वाक्य मला लागलं. पण पुढे तुम्ही समजावलंत तेव्हा पटलं. संस्थेतल्या मावश्या मायेच्या असतात, पण पाळ्या बदलतात आणि मुलं पुष्कळ असतात. रडल्यावर कधी कुणी येतं, कधी येत नाही, आणि दर वेळी हात वेगळे. मग मूल रडणंच सोडून देतं. कान आणि एकूण वाढ बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सांगितलंत, पण आजाराचं नाव काही तिला चिकटवलं नाहीत. "निदान करणं बालमानसोपचारतज्ज्ञाचं काम, आणि गरज लागली तर पाठवीन," एवढंच.

आणि मग तो तुमचा हुकूम. पुढचे काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर जवळ घेणं फक्त आई-बाबांनी. आजीने खेळावं, गाणी म्हणावीत. पण पोर भुकेली किंवा झोपाळलेली दिसली की आईकडे द्यावी. बारशाचा हॉलही पुढे ढकलायला लावलात. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं नातवंडाची वाट बघायची आणि आल्यावर मऊ भाताचा एक घासही भरवायचा नाही?

तुम्ही स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन बसलात. मी मेथी निवडत होते, तुम्हीही निवडायला लागलात (देठ फार ठेवता हं तुम्ही). म्हणालात, "आजी, घरात बाळंतीण आहे असं समजा." झालं! एवढं एक वाक्य मला पुरलं. बाळंतिणीचं कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको. स्वयंपाक, धुणं, पाहुण्यांना बाहेरच्या बाहेर कटवणं, सगळं मी अंगावर घेतलं आणि सून पोरीसाठी मोकळी झाली.

उशीखाली पोळीचे तुकडे सापडायला लागले तेव्हा तुम्ही रागवू दिलं नाहीत. हाताला येईल असा एक डबा ठेवायला सांगितलात, चुरमुरे नाहीतर बिस्किटं घालून, आणि तो कधी रिकामा राहू द्यायचा नाही. बाहेर जाताना तिची नजर चुकवून सटकायचं नाही, सांगून जायचं आणि सांगितल्या वेळेला परत यायचं. हट्टाला पेटली तर खोलीत कोंडायचं नाही, शेजारी बसून राहायचं. हे शेवटचं माझ्या मुलाला जड गेलं. तो लहानपणी काय कमी हट्टी होता!

त्याने नेटवर कुठेतरी वाचलं, की अशा मुलांना जबरदस्तीने घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे ती 'वळतात'. तेवढी एकच वेळ तुमचा आवाज चढलेला मी ऐकला. अमेरिकेत 2000 साली अशाच एका 'उपचारा'त चादरीत गुंडाळलेली दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली, हे तुम्ही सांगितलंत आणि तो विषय तिथेच संपला. रुमानियाचंही तुमच्याकडूनच कळलं. त्याच सुमाराला बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 लहान मुलांवर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं पालक कुटुंबांत दिली. दोन वर्षांची व्हायच्या आत घर मिळालेल्यांना माणसाचा लळा जास्त चांगला लागला. सुनेने लगेच बोटं मोजायला घेतली, तेव्हा "कॅलेंडर बाजूला ठेवा, उशिरा आलेली मुलंही सावरतात," असं म्हणालात.

पावसाळा संपता संपता एक दिवस सून दुकानात निघाली, नात माझ्या कडेवर. आई फाटकाबाहेर गेली आणि पोरीने असा काही टाहो फोडला की शेजारीण धावत आली. माझ्या खांद्यावर गुद्दे, पदर ओढून काढला, मी नकोच. मी तशीच तिला घेऊन फोनपाशी गेले आणि तुम्हाला तिचं रडणं ऐकवलं. तुम्ही पलीकडून हसत होतात. शेजारीण मात्र अजून विचारते, पोर एवढी रडत असताना आजी कसली खूश झाली होती?

ताई, एक मागणं आहे. दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांची तयारी करून घेता, त्यात एक दिवस आजी-आजोबांनाही बोलवा. रुसणारी आजी प्रत्येक घरात असणार, तिच्याशी कोणीतरी बोलायला हवं. माणूस कमी पडलं तर मी येईन. पंचाहत्तरी झाली आहे, एसटीचं तिकीटही लागत नाही.

तुमची,
बबडीची आजी