सह्या एकाच्या, बंदुका दुसऱ्याच्या

महोदय,

काँगो आणि रवांडा यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनला शांतता करार केला. डिसेंबरात काँगोचे अध्यक्ष त्शिसेकेदी आणि रवांडाचे अध्यक्ष कागामे यांनी तिथेच त्यावर शिक्कामोर्तब केले. आठवडाही उलटला नाही तोच पूर्व काँगोत सरकारशी लढणारे एम२३ बंडखोर तिथल्या उविरा शहरात घुसले. आश्चर्य कसले? गोमा आणि बुकावू ही तिथली मोठी शहरे काबीज करणारे हे बंडखोर या कराराचे पक्षकारच नाहीत. त्यांच्याशी बोलणी वेगळी, तीही दोह्यात. रवांडा तर त्यांना मदत करत असल्याचेच नाकारतो. मग माघार घ्यायची कुणी? सैन्यमाघारीचा असाच करार या दोन देशांनी २००२ मध्ये प्रिटोरियात केला होता, हे कुणाला आठवतही नसेल.

खरी मेख पूर्व काँगोतल्या रुबायाच्या डोंगरात आहे. तिथे मजूर फावड्याने कोल्टन हे खनिज खणतात, बंडखोर त्यावर कर वसूल करतात आणि त्यातला टँटलम हा धातू जगभरच्या मोबाइलमध्ये पोहोचतो. या पैशाला हात लावायची कुणाची तयारी दिसत नाही.

पूर्व काँगोतल्या उत्तर किवू प्रांतात भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षानुवर्षे तैनात आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी मराठी वृत्तपत्रांनी या संघर्षाच्या बातम्या नियमित द्याव्यात.

— एक वाचक, नाशिक