अण्णा, ६२ म्हणजे कमी नव्हेत

लीड्स (इंग्लंड),
फेब्रुवारी अखेर

ती. अण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतंय, खोकला गेला. तिकडं द्राक्षांचा माल उतरायला लागला असेल, म्हणून पत्र सवडीनं वाचा. पण वाचा नक्की. रविवारी फोनवर माझे मार्क ऐकून अण्णा गप्प झाले, ते मला इथं कळलं.

अण्णा, ६२ हे चांगले मार्क आहेत. इथली पट्टीच वेगळी आहे. ४० ला पास. ५० ते ५९ म्हणजे सेकंड क्लासची खालची पायरी, ६० ते ६९ म्हणजे वरची; तिला इथं सगळे टू-वन म्हणतात. ७० पासून फर्स्ट क्लास, आणि निबंधाला ८० च्या वर मार्क क्वचितच पडतात. आपल्याकडं मुद्द्याला मार्क असतो, सगळे मुद्दे आले की मार्क सगळे. इथं वर्गात शिकवलेलं बरोबर लिहिलं की पन्नाशी गाठते. त्यापलीकडं वाचून, दोन अभ्यासकांचं कुठं पटत नाही हे दाखवलं की साठी. आणि त्यांच्या पुराव्यात कुठं भोक आहे ते आपण शोधून मांडलं, तर सत्तरी. पेपरावर नाव नसतं, फक्त नंबर. एकानं तपासलेल्यांतले काही पेपर दुसरा शिक्षक बघतो, वर दुसऱ्या विद्यापीठाचा परीक्षकही नमुना बघतो. आज्जीला सांगायचं तर साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास, असं खुशाल सांगा. आपल्याकडच्या हिशोबात ते खरंच आहे.

‘दोन विषय एकदम, म्हणजे दोन्हीकडं अर्धवट’ असं काका म्हणाले, ते आईनं सांगितलं. तसं नाही. वर्षाला १२० क्रेडिट, त्यातले साधारण निम्मे समाजशास्त्राचे, निम्मे मानसशास्त्राचे. एक क्रेडिट म्हणजे दहा तास काम. वीस क्रेडिटच्या एका विषयाला दोनशे तास, आणि त्यातले वर्गातले तास थोडेच. म्हणून आठवड्याला दहा-बाराच तास कॉलेज दिसतं. बाकीचा वेळ वाचनात जातो, रिकामा नसतो.

त्रास आहे तो वेगळा. दोन्ही विभागांची वेळापत्रकं एकमेकांना विचारून होत नाहीत, त्यामुळे एका आठवड्यात तीन-तीन गोष्टी द्यायच्या येतात. लिहिण्याची रीतही दोन. मानसशास्त्राचा रिपोर्ट ठरलेल्या साच्यात जातो: सारांश, प्रस्तावना, पद्धत, हाती आलेले निकाल, चर्चा. समाजशास्त्राच्या निबंधाला असा साचा नसतो, तिथं पहिल्या परिच्छेदापासून एक म्हणणं धरून शेवटपर्यंत न्यावं लागतं. एकाची सवय दुसऱ्यात शिरली की मार्क जातात. पहिल्या वर्षी बहुतेकांचं हेच होतं, आणि बरं हे की पहिल्या वर्षाचे मार्क शेवटच्या श्रेणीत धरत नाहीत, पास झालं की पुरे.

पण दोन्ही एकत्र शिकण्याचा उपयोग अण्णांना एका वाक्यात कळेल. तासगाव तालुक्याचा उतारा चांगला पडला म्हणून आपल्या प्लॉटचा चांगला पडला, असं होत नाही. आणि आपला एक प्लॉट गेला म्हणून तालुका बुडाला, असंही नाही. डुर्खाइम या फ्रेंच अभ्यासकानं १८९७ साली आत्महत्यांवर पुस्तक लिहिलं. माणूस कुटुंबाशी, समूहाशी किती बांधलेला आहे यावर आत्महत्येचं प्रमाण कसं बदलतं, ते त्यानं आकड्यांवरून मांडलं. पण ते आकडे गटाचे. गटाच्या आकड्यावरून एका माणसाच्या मनाबद्दल बोललं की चूक होते, हे मानसशास्त्रवाले लगेच पकडतात. आणि मानसशास्त्रवाले कॉलेजातली पोरं तपासून ‘माणूस असा असतो’ म्हणायला लागले, की समाजशास्त्रवाले विचारतात, कुठला माणूस? कुणाच्या घरातला? किती कर्जातला? मला दोन्ही प्रश्न हवे होते. म्हणून हा कोर्स.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणावर आहे. त्यासाठी वीस प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, प्रत्येक उत्तराला एक ते चार गुण, म्हणजे बेरीज वीस ते ऐंशी. वीसपैकी नऊ प्रश्न उलटे असतात, म्हणजे तिथं जास्त गुण म्हणजे कमी एकटेपणा. त्यांचे गुण फिरवून न घेता बेरीज केली की सगळा हिशोब कोसळतो. दोन गोष्टींमधला मध्यम संबंध भरवशानं दिसायला साधारण ८५ जण लागतात, आणि त्याआधी नीतीसमितीची, म्हणजे अभ्यासात कुणाला त्रास होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी. मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेतला तर तो वापरता येत नाही. शिवाय आठ-दहा जणांच्या मुलाखती. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला चार-पाच तास जातात, मराठीत असेल तर भाषांतराचे आणखी. आकड्यानं कळतं कोण किती एकटं आहे. मुलाखतीत कळतं की खोली कुणाबरोबर आहे, रात्रपाळी किती, घरी काय काय सांगत नाहीत.

आई, ती मोजपट्टी मी स्वतः भरलेली नाही. आपणच आपल्या नमुन्यात बसायचं नसतं. तू उगाच काळजी करू नकोस.

छोटीनं विचारलंय म्हणून तिच्यासाठी लिहिते. असा जोडकोर्स बघताना एकच गोष्ट आधी तपासायची: त्याला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का. असेल, तर मानसशास्त्राचे ठरलेले भाग सगळे घ्यावे लागतात आणि प्रकल्प मानसशास्त्राचाच, पुरावा गोळा करून केलेला लागतो. शेवटी निदान सेकंड क्लासची खालची पायरी हवी. मान्यता नसेल तर मानसशास्त्रात पुढं जायला नंतर एक वर्षाचा वेगळा कोर्स, म्हणजे पुन्हा फी. आणि नुसत्या या डिग्रीवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, तिथंही नाही आणि इथंही नाही. भारतात त्याला भारतीय पुनर्वास परिषदेनं (आरसीआय) मान्य केलेला पुढचा कोर्स लागतो. गावात कुणी मला आत्ताच डॉक्टर म्हणत असेल तर थांबवा.

कामाचं म्हणाल तर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, मी बाराच करते. अभ्यासावर परिणाम नाही. पुढच्या महिन्यापासून घरी थोडे पैसे पाठवीन, नको म्हणू नका. कर्जाचं व्याज अण्णा दर महिन्याला भरताहेत, बेदाणा दर नसताना विकला, हे दादानं सांगितलं. आईच्या पाटल्या बँकेत आहेत हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. उरलेली फी कर्जाच्या खात्यातूनच थेट विद्यापीठाला जाऊ दे. तशी गेली की टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापत नाहीत.

कराडच्या स्थळाला ‘वेड्यांचं शिकते’ हे पटत नसेल, तर ते स्थळ राहू दे. ऑगस्टपर्यंत हा विषय नको, एवढंच मागते.

आणि दादाचं लग्न. मी तारीख तीनदा बघितली. परीक्षा चुकवायला आजारपण, घरातलं कुणी जाणं, अशी कारणं चालतात. लग्नकार्य त्यात बसत नाही. पेपर चुकला तर फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये, आणि तिथं कितीही चांगलं लिहिलं तरी ४० च्या वर धरत नाहीत. म्हणून येत नाही, दुसरं कारण नाही. दादाला मी वेगळं लिहिलंय. करवलीचा मान छोटीला द्या. माझ्यासाठी घेतलेली साडी तिला नेसवा, ठेवून देऊ नका.

मुहूर्त १२.३५ चा, म्हणजे इथले सकाळचे ८.०५. माझा पेपर ९.३० ला. शेवटची अक्षता पडेपर्यंत फोन बंद करू नका.

आज्जीला नमस्कार.

तुमची लेक