मनू, कालच्या फोनबद्दल

मनू,

काल मी चढ्या आवाजात बोलले आणि तू फोन ठेवलास, तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये म्हणून लिहितेय. रात्रभर फोन सायलेंटवर, तू त्या माळावर एकटी, आणि पहाटे मेसेज काय तर "आई फ्लॅश दिसला!!" जाऊ दे, त्यावर आज काही बोलायचं नाही असं ठरवलंय. आधी फ्लॅशचं बोलू.

मृगाच्या बाणाच्या जरा खाली दर काही मिनिटांनी चमक, आणि तारे पश्चिमेकडे सरकले तरी ती जागा टॉवरच्या टोकाशीच राहिली, हे तू नोंदवलंस ना, तिथेच निम्मं काम झालं गं. तारे तासाला १५ अंश सरकतात, भूस्थिर उपग्रह मात्र ३५,७८६ किलोमीटरवर आपल्यासाठी एका जागी थांबल्यासारखा असतो, आणि उत्तर गोलार्धातून अशा उपग्रहांचा सगळा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे आपलं विषुववृत्त आकाशात ताणलं तर जी रेषा होईल तिच्या, किंचित दक्षिणेला, म्हणजे बाणाच्या आसपासच पडतो. मला वाटतं तो बंद पडलेला असणार. ताबा सुटला की गिरक्या घेत राहतो आणि एखादा सपाट भाग नेमका कोनात आला की उन्हाची तिरीप आपल्यापर्यंत येते. पण बंद पडलेले हळूहळू जागाही सोडतात, त्यामुळे नाव ठरवायची घाई नको, अजून दोन-तीन रात्री नोंदी घे आणि मग कक्षेच्या आकड्यांशी ताडून बघ. दोन-तीन रात्री म्हटलं मी, एकटीने नाही. तो प्रोजेक्टमधला मुलगा येतो ना कधीकधी, त्याला घेऊन जा.

आणि स्टॉपवॉच सुरू करतेस त्या चमकेला शून्य म्हणायचं, एक नाही! दहा म्हणशील तेव्हा दहा अंतरं पूर्ण झालेली असतात, मग एकूण वेळेला दहाने भागायचं. तुला हे माहितीये, सॉरी, मी परत शिकवायला लागले. अजिसाई ओळखायला मला तूच शिकवलंस, १९८६ चा तो जपानी गोळ्यासारखा उपग्रह, अंगावर ३१८ आरसे, बायनॉक्युलरमधून भराभर लुकलुकताना बघून मी ओरडलेच होते. त्याची गिरकी वर्षानुवर्षं मंदावतेय, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच ब्रेक लावतात, हेही तूच सांगितलंस आणि त्या दिवशी बाबा जेवायचं सोडून ऐकत बसले होते. कालचा मेसेज त्यांनी दादासकट सगळ्यांना पाठवलाय, तुला सांगणार नाहीत.

इरिडियम उपग्रहांच्या चमकेची वाट बघायचो ते आठवतं? बाबा घड्याळ धरून मोजायचे आणि ठरल्या सेकंदाला आकाशात ते पेटायचं, शुक्रापेक्षा कितीतरी तेजस्वी, तेजाची प्रत कधी उणे ८ पर्यंत (आकडा जितका खाली तितकं तेज जास्त), दारांएवढ्या चकचकीत अँटेनांवरून आलेलं ऊन ते. तू माझा हात किती घट्ट धरायचीस. त्या जुन्या उपग्रहांपैकी चालू असलेले बहुतेक सगळे २०१८-१९ च्या सुमारास खाली आणले, नव्यांना तसे अँटेना नाहीत, मला अजून वाईट वाटतं. पण तेव्हा तुझा हात माझ्या हातात असायचा, आता तू कुठल्या अंधारात उभी आहेस ते मला कळतही नाही.

हौशी लोकांनी काय होतं असं तुझी ती मैत्रीण म्हणाली ना, तिला सांग, नासाचा इमेज नावाचा उपग्रह २००५ मध्ये गप्प झाला होता आणि २०१८ मध्ये एका हौशी माणसाला तो रेडिओवर सापडला. तुझ्या वहीतल्या नोंदी मला त्याच तोलाच्या वाटतात, आई म्हणून नाही म्हणत. छंद सोड असं मी कालही म्हटलं नव्हतं, नीट आठव. फक्त निघताना एक मेसेज, पोचल्यावर जागेचं लोकेशन, परत आल्यावर अजून एक, कितीही वाजले तरी, मी जागीच असते. लाल टॉर्चचा सेल बदल.

मावशीचं ऑपरेशन गुरुवारी आहे, तिला फोन कर, पण तिला माळाचं काही सांगू नकोस. चमकेच्या वेळा पाठव, सेकंदांसकट.

आई