महागाईच्या आडोशाने होणारी दरवाढ

महोदय,

महागाईच्या बातम्यांत युद्ध, इंधन, हवामान यांची चर्चा भरपूर होते. परंतु पुड्यावरची किंमत शेवटी कोणत्या तरी कंपनीच्या बैठकीत ठरते, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्या बैठकीतले गणित तसे साधे आहे. एखादी वस्तू 100 रुपयांना विकली जाते आणि तिच्यावर 80 रुपये खर्च होतो, असे धरू. खर्च 10 टक्क्यांनी वाढून 88 झाला, तर किंमत 108 केली तरी पूर्वीचा 20 चा नफा शाबूत राहतो. परंतु मोठ्या कंपन्यांचे यश विक्रीतील नफ्याच्या टक्केवारीवर जोखले जाते आणि ती टक्केवारी राखायची तर किंमत 110 करावी लागते. खर्चातील वाढीपेक्षा जास्त घेतलेले हे 2 रुपये ग्राहकाला कधीच वेगळे दिसत नाहीत.

तरीही सरसकट आरोप करणे मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्न किंमत निर्देशांक मार्च 2022 मध्ये विक्रमी पातळीवर होता. त्या वर्षी नेस्लेने आपले दर सरासरी 8.2 टक्क्यांनी वाढवले, तरी तिच्या नफ्याचे प्रमाण थोडे घटलेच. खाद्यपदार्थांबरोबर साबणही विकणाऱ्या युनिलिव्हरने दर 11.3 टक्क्यांनी वाढवले. तिचेही नफ्याचे प्रमाण घसरले. कच्चा माल खरोखरच महागला होता.

प्रश्न त्यापुढच्या वर्षाचा आहे. 2023 मध्ये त्याच निर्देशांकाची सरासरी 13.7 टक्क्यांनी खाली आली. नेस्लेचे दर मात्र आणखी 7.5 टक्क्यांनी वाढले, विकलेला माल किंचित घटला आणि नफ्याचे प्रमाण 17.1 वरून 17.3 टक्क्यांवर गेले. या निर्देशांकात कॉफी आणि कोको धरलेले नसल्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. कच्च्या मालाचे सौदे काही महिने आधीच बांधलेले असतात, मजुरी आणि वाहतूक महागच राहते, हे कंपन्यांचे म्हणणेही खोटे नाही. पण सौद्यांची मुदत सरल्यावर छापील किंमत मागे यायला हवी, ती का येत नाही? भाव चढताना जिना झपाझप चढला जातो आणि उतरायची वेळ आली की पाय दुखू लागतात.

यासाठी कंपन्यांना एकत्र बसून कट करावा लागत नाही. इसाबेला वेबर आणि इव्हान वास्नर या अर्थतज्ज्ञांनी 2023 मधील निबंधात याला ‘विक्रेत्यांची महागाई’ म्हटले आहे. एरवी एकट्याने भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती असते. परंतु सर्वांचाच खर्च वाढल्याचे जगजाहीर झाले की प्रतिस्पर्धीही भाव वाढवणार याची खात्री पटते आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले जातात. ज्या वस्तूंचा बाजार दोन-चार कंपन्यांच्याच हाती आहे, तिथे ही खात्री अधिक पक्की असते.

किंमत न बदलता वजन कमी करण्याची युक्ती तर याहून सोयीची आहे. 100 ग्रॅमच्या जागी 90 ग्रॅम भरले की ग्रॅममागे भाव 11 टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि पुडा मात्र तेवढाच उंच, तितकाच रंगीत असतो. बाटली असेल तर तिचा तळ थोडा आत दाबलेला असतो. बोट घालून पाहिल्याशिवाय तो खड्डा कळत नाही. फ्रान्समध्ये 1 जुलै 2024 पासून अशा घटलेल्या वजनाची सूचना मोठ्या दुकानांना दोन महिने मालाजवळ लावावी लागते. खरे तर ती जबाबदारी दुकानदारापेक्षा, वजन घटवणाऱ्या कंपनीवर असायला हवी होती.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. या कंपन्यांचे निकाल छापताना केवळ ‘विक्री इतक्या टक्क्यांनी वाढली’ एवढ्यावर न थांबता, त्यातली वाढ दरामुळे किती आणि प्रत्यक्ष विकलेल्या मालामुळे किती, हेही द्यावे. अनेक मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिलेले असतात.

आपला,
एक नियमित वाचक